समुद्रावरचा गॅस आणि आपला युरिया



आपल्याकडची पुष्कळ माणसे परळ-लालबागच्या गिरण्यांत कामाला होती. लालबागची गॅस कंपनी त्यांना ठाऊक असेल. तिथे कोळशापासून गॅस करून नळाने शहराला देत. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते 1865 साली. आज दादर-परळच्या घरांतून महानगर गॅसचा नैसर्गिक वायू येतो. हा वायू मुंबई हायच्या समुद्रातून उरणला उतरतो, पण देशाची गरज तेवढ्याने भागत नाही. बाकीचा परदेशातून जहाजाने आणावा लागतो.

वायू आहे तसा जहाजात भरला तर भाडेच परवडायचे नाही. म्हणून उणे 162 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून त्याचा द्रव करतात. सुमारे 600 घागरी वायूचा एक घागर द्रव! आपण रसाचा गूळ करून बाजारात नेतो तसेच हे, फक्त इथे चुलवाण नाही, गारठा आहे.

किनाऱ्यावर आल्यावर द्रवाचा परत वायू करायचा. दाभोळला हे काम जमिनीवरच्या टाक्या-यंत्रांत होते. तिथे लाटा अडवणारा बांध अपुरा होता, त्यामुळे कित्येक वर्षे पावसाळ्यात जहाजेच लागत नसत.

आता जगात हे काम जहाजावरच करू लागले आहेत. टाक्या आणि यंत्रे असलेले एक जहाज धक्क्याला बांधून ठेवायचे. मालाचे जहाज शेजारी येऊन द्रव ओतते. समुद्राच्या पाण्याच्या उबेने त्याचा वायू होतो आणि नळाने किनाऱ्यावर जातो. जमीन थोडी लागते, वेळ वाचतो. ऑस्ट्रेलियाजवळ शेल कंपनीच्या 488 मीटर लांब ‘प्रील्यूड’वर तर विहिरीतल्या वायूचा द्रवही समुद्रातच करतात. पहिली खेप 2019 साली निघाली.

आपल्या जयगडला एप्रिल 2021 मध्ये ‘होएग जायंट’ हे असेच जहाज आले. साठवण 1,70,000 घनमीटर. एच-एनर्जी कंपनीने ते भाड्याने घेतले होते, दाभोळपर्यंत नळही टाकला होता. पण धंदा सुरू झालाच नाही, आणि जहाज पुढे ब्राझीलच्या कामाला लागले. भाड्याच्या जहाजाचे हेच आहे. टोळी निघून गेली की ऊस फडात उभा राहतो, तसा नळ मागे राहिला.

आपला संबंध युरियाशी. तो या वायूपासूनच बनतो, आणि खत कारखान्यांचा बराच वायू आयातीचा आहे. 45 किलोची गोणी आपल्याला सरकारी दराने मिळते, वरचा खर्च सरकार सोसते. तेव्हा युरिया सरीत उघडा फेकू नका. हप्त्याने द्या, मातीआड करा.