उद्या ती आली नाही तर?

क्वीन्समधल्या शाळेत तू असिस्टंट प्रिन्सिपल झालीस आणि विशेष शिक्षणाचे सगळे पॅरा, म्हणजे वर्गात मुलाशेजारी बसून मदत करणारे पॅराप्रोफेशनल, तुझ्याकडे आले. तुझ्या आईने आनंदाने मला फोन केला. आनंद मलाही झाला, पण मी या कामातून निवृत्त झालेली मावशी, म्हणून कामाचंच सांगते.

न्यूयॉर्क शहर म्हणजे अमेरिकेतला सगळ्यात मोठा शाळा-जिल्हा. वरून पत्रकं येतच राहतील. ती वाच, पण वर्गात मुलाशेजारी कोण बसलंय आणि कसं बसलंय, हे पत्रकात कधीच नसतं. घरी निघण्याआधी एकेका पॅराचं नाव डोळ्यांसमोर आण आणि स्वतःला विचार, उद्या ही आली नाही तर काय होईल? ‘मूल दिवसभर बिथरेल’ असं उत्तर आलं, तर तिचं कौतुक करून थांबू नकोस. ती उत्तम असेलही, पण तुझी आखणी कच्ची आहे.

म्हणून आधी प्रत्येक मुलाचं एक पान करून घे. एकच, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. बदली पॅरा सकाळी आठला दारात उभी राहते तेव्हा तिला पंधरा पानांचा आयईपी, म्हणजे मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, वाचायला वेळ नसतो. मूल कशाने बिथरतं, कशाने शांत होतं, काय खाल्लेलं चालत नाही, फिट आली तर पहिली हाक कोणाला, बसमधून कोण उतरवून घेतं. बसमधली पॅरा वेगळी असते हे नवे लोक विसरतात आणि नेमका तिथेच, फुटपाथवर, गोंधळ होतो. पानावर नुसतं ‘ऑटिझम’ लिहून बदली बाईला काडीचाही उपयोग नाही. पान शिक्षिकेच्या खणात राहू दे, भिंतीवर नको.

कोणी म्हणेल, आयईपी गोपनीय आहे, पॅराला कशाला दाखवायचा? उलट आहे. तो अमलात आणणाऱ्या प्रत्येकाला आपल्या वाट्याचं काम काय, हे कळलंच पाहिजे, असं केंद्राचा विशेष शिक्षणाचा आयडिया कायदाच सांगतो. मुलाजवळ सगळ्यात जास्त वेळ बसणाऱ्या बाईलाच कागद सगळ्यात कमी दाखवतात, आणि मग तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा करतात!

आता बसण्याबद्दल. व्हरमाँट विद्यापीठाच्या मायकेल जिआंग्रेको आणि सहकाऱ्यांनी 1997 साली एक अभ्यास छापला. त्यात दिसलं ते असं: मोठं माणूस सतत मुलाला खेटून असलं की मूल त्या माणसावर विसंबून राहतं, वर्गातली पोरं त्याच्यापासून दुरावतात आणि शिक्षिका ‘त्याचं पॅरा बघते’ म्हणून मोकळी होते. तुला हे पहिल्याच आठवड्यात दिसेल. पॅराची खुर्ची मुलाच्या बाकाला चिकटलेली असेल तर ती दोन मुलांच्या मध्ये, थोडी मागे सरकवून घे. पेन्सिल पडली की उचलायच्या आधी मनात पाचपर्यंत मोजायला सांग. हे ऐकायला सोपं वाटतं, पण माया असलेल्या बाईला ते पाच आकडे फार जड जातात. आपण नुसत्या बसून आहोत असं कोणाला वाटेल, ही भीतीही असते. म्हणून शिक्षिकेसमोरच सांग की थांबणं हेही तिचं काम आहे, आणि तू ते बघायला येणार आहेस.

तिच्या नोंदी वाचत जा. ‘आज चिडला’ ही नोंद नव्हे. ‘गणिताचा कागद समोर आला, थोड्या वेळाने कान झाकले, मग टेबलाखाली गेला’, ही नोंद. असं लिहायला कोणी शिकवलेलंच नसतं. तू शिकव, आणि शिकवायला वेळ शाळेच्या तासांतच काढ. तास संपल्यावर थांबवून घ्यायचं नाही.

डबा खायची सुट्टी तिची आहे. त्या वेळात मुलाजवळ कोण, हे वेळापत्रकात नावासकट लिहिलेलं हवं. आणि कॅफेटेरियात माणूस कमी पडलं म्हणून आयईपीत मंजूर झालेली पॅरा उचलून तिकडे पाठवायची नाही. प्रिन्सिपल सांगतील, अगदी गोड बोलून सांगतील. तू आयईपी दाखव आणि गप्प बस.

मुलांसमोर शिक्षिकेला आडनावाने आणि पॅराला नुसत्या नावाने हाक मारतात, ते बंद कर. या बायका कोण आहेत ते ठाऊक असू दे. 1970 मध्ये इथल्या शिक्षक युनियनने पॅरांचा पहिला करार केला. पुढाकार व्हेल्मा हिल यांचा, युनियनचे अध्यक्ष तेव्हा अल्बर्ट शँकर. त्या करारात पगाराबरोबर शिकण्याची वाटही होती, आणि पॅरा म्हणून लागलेल्या कितीतरी जणी त्या वाटेने शिक्षिका झाल्या. तुझ्याकडे कोण संध्याकाळी कॉलेजला जाते, विचारून ठेव. परीक्षेच्या आठवड्यात रजा मागितली तर तोंड वाकडं करू नकोस.

क्वीन्समध्ये पॅरा पालकांची भाषा बोलणारी निघते, बांगला म्हण, स्पॅनिश म्हण. लगेच तिला मीटिंगमध्ये दुभाषी म्हणून बसवायचा मोह होतो. दुभाषी देणं जिल्ह्याचं काम आहे, तो मागव. तिला मात्र मूल ओळखणारी म्हणून बोलाव आणि तिचं म्हणणं ऐक. फाटकापाशी आई तिला रोज काय काय विचारते, हेही माहीत करून घे. तिने काय सांगायचं आणि काय शिक्षिकेवर सोपवायचं, हे आधीच ठरलेलं बरं.

आणि सगळ्यात नाजूक गोष्ट. तिने काम चोख केलं की मुलाला तिची गरज कमी होते. मग आयईपीच्या वार्षिक आढाव्यात तिचे तास कापले जातात आणि तिच्या पोटात गोळा येतो. काही जणी म्हणूनच नकळत मुलाला धरून ठेवतात, त्यांना दोष देववत नाही. नेमणुका ज्येष्ठतेने ठरतात, तेव्हा खोटं आश्वासन देऊ नकोस. पण आढाव्याच्या निदान महिनाभर आधी तिला खोलीत बसवून सांग की तास कमी होण्याची शक्यता आहे, कुठल्या वर्गात जागा निघेल आणि कळेल केव्हा. तुझ्याआधी युनियनच्या प्रतिनिधीकडून तिला हे कळता कामा नये.