देश पुढे गेला, हे कशावरून ओळखायचं?

नवरा-बायको दोघांनी मिळून वाचावे

समजा, एका गावात शंभर घरं आहेत. एका घरी ट्रॅक्टर, विहीर आणि वीस एकर ऊस. बाकी घरं मजुरीवर. साऱ्या गावची कमाई एकत्र करून शंभरांत वाटली, तर कागदावर प्रत्येक घर सुखी दिसेल. पण तुमच्या चुलीला त्याची खबरही नसेल! देशांची तुलना बरीच वर्षे अशाच भागाकाराने होत असे. त्याला दरडोई उत्पन्न म्हणतात.

1990 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने वेगळा हिशेब मांडला. त्याचे नाव मानव विकास निर्देशांक. पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी तो पुढे आणला, आपले अमर्त्य सेन यांनी त्यांना साथ दिली. हा हिशेब तीन गोष्टी विचारतो. जन्मलेले मूल किती वर्षे जगेल? किती वर्षे शाळा शिकेल? आणि हाती पैसा किती?

आता शेजारी पाहू. पाकिस्तान आणि बांगलादेश 1971 पर्यंत एकच देश होता. वेगळा झाला तेव्हा बांगलादेश जास्त गरीब. 1970 चे वादळ, 1971 चे युद्ध, 1974 चा दुष्काळ. लोक म्हणत, हा देश काही उभा राहत नाही. दोन्हीकडे एका बाईला सरासरी सहाहून जास्त मुले होत.

पुढे बांगलादेशाने काय केले? गावातल्याच शिकलेल्या बायका नेमल्या. त्या गोळ्या आणि निरोध घेऊन दारोदार जात, कारण घरची सून एकटी दवाखान्यात जाणार कशी? 1994 पासून खेड्यातल्या मुलींना माध्यमिक शाळेसाठी पैसे मिळू लागले. अट एवढीच, की शाळेत हजेरी हवी, परीक्षेत ठरलेले गुण हवेत आणि लग्न झालेले नको.

आज तिथे एका बाईला सरासरी दोनच्या आसपास मुले होतात, पाकिस्तानात तीनहून जास्त. 2023 च्या आकड्यांनुसार बांगलादेशात सरासरी आयुष्य 74 वर्षांच्या आसपास, पाकिस्तानात 67 च्या. निर्देशांकाच्या यादीत बांगलादेश आणि भारत दोघेही 130 व्या जागी, पाकिस्तान 168 व्या. श्रीलंका तर 89 व्या जागी आहे. तिथे मुलींच्या शाळा आणि मोफत दवाखाने फार आधीपासून.

तुम्ही म्हणाल, मुले कमी झाली म्हणून शाळा वाढली, की शाळा वाढली म्हणून मुले कमी झाली? खरे सांगायचे तर दोन्ही. शिकलेली मुलगी उशिरा लग्न करते, दोन बाळंतपणांत अंतर ठेवते. आणि अंगावरचे दूध तुटण्याआधी दुसरे पोटात नसले, की पहिल्याचे वजनही भरते.

आपल्याकडेही 2019 ते 2021 च्या पाहणीत महाराष्ट्रात हे प्रमाण 1.7 वर आले. पाळणा लांबवायचा असेल तर तांबी, गोळ्या, निरोध आणि अंतरा इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. आशाताईला विचारा, आणि भाऊ, तुम्हीही सोबत या, सगळे तिच्यावरच सोडू नका.