श्वास मोजणारे डॉक्टर

डॉ. अभय बंग सेवाग्रामच्या आश्रमात वाढले. १९८६ साली त्यांनी व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ संस्था काढली. तिकडे न्यूमोनियाने तान्ही बाळं दगावत. दवाखाना लांब! म्हणून त्यांनी गावातल्याच माणसांना बाळाचे श्वास मोजायला शिकवले. ज्या सुइणींना अंक येत नव्हते, त्यांना मणी सरकवून मोजायचे साधन दिले. पुढे ३९ गावांत बायांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. त्यांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले.

मीही घड्याळ घेऊन धाकट्या बहिणीचे श्वास मोजले. आईबाबांनो, बाळ शांत असताना पुरे एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतले बाळ ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतले ५० किंवा जास्त श्वास घेत असेल, तर लगेच दवाखान्यात न्या. मोजता तर आम्हालाही येते!