‘रावसाहेब’ : शिवीआडचा विश्वास

१९५६ मध्ये बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले आणि मराठी-कानडी संशय वाढला. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. त्याच वर्षी पु. ल. देशपांडे यांचे ‘गणगोत’ प्रसिद्ध झाले. त्यातील बेळगावचे रावसाहेब, म्हणजे कृष्णराव हरिहर, कानडी वळणाची मराठी बोलतात. लिंगांची सरमिसळ होते, बोलण्यात शिव्या सहज येतात. वाचक आधी हसतो. मग ती शिवी जिव्हाळ्याची आहे हे त्याला उमगते. हे व्यक्तिचित्र शिकवताना लिंगदोषांची यादी करून थांबू नये. बेळगाव-निपाणीच्या मुलांच्या बोलण्यातही हे वळण असते. त्याला चूक म्हटले की मूल गप्प होते. बोलीआडचा माणूस ओळखणे, हाच विश्वासाचा पहिला धडा.