फुंकण्याआधी सांगा : भोवळ येणाऱ्यांनी फुप्फुसांच्या तपासणीला जाताना



मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एक ताई माझ्याकडे आल्या. कपाळावर तीन टाके आणि हातात रिपोर्ट. रिपोर्टवर इंग्रजीत शेरा होता : रुग्णाने सहकार्य केले नाही.

ताई झाडूकाम करतात. दोन वर्षांपासून खोकला आणि दम होता, म्हणून डॉक्टरांनी फुंकायची तपासणी लिहून दिली. रक्ताच्या तपासणीसारखी हीसुद्धा उपाशीपोटी असेल असे समजून त्या काहीही न खाता निघाल्या. दोन तास रांगेत उभ्या राहिल्या आणि उभ्यानेच फुंकल्या. दुसऱ्या फुंकेला डोळ्यांपुढे अंधारी आली आणि टेबलाचा कोपरा कपाळाला लागला. शाळेत असल्यापासून त्यांना उभ्या-उभ्या भोवळ येते, पण हे त्यांनी तिथे कोणालाच सांगितले नव्हते. मी विचारले, "का नाही सांगितलं?" म्हणाल्या, "चक्कर येते म्हटलं की कामावर ठेवतील का, ताई?"

ही भीती खोटी नाही. पण दवाखान्यात तुमच्या तब्येतीविषयी जे सांगता ते उपचारासाठी असते, मुकादमाला कळवण्यासाठी नसते. ते लपवले तर डोके फुटते आणि तपासणीही वाया जाते.

ही तपासणी म्हणजे काय?

हिला स्पायरोमेट्री किंवा पीएफटी म्हणतात. नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी देतात. छातीभर श्वास घ्यायचा आणि एका दमात, पूर्ण जोराने बाहेर सोडायचा. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि एकूण किती पडली, हे यंत्र मोजते. फुंक साधारण 6 सेकंद किंवा जास्त टिकवावी लागते. अशा तीन चांगल्या फुंका हव्या असतात आणि त्यासाठी आठपर्यंत प्रयत्न करून घेतात. मग पंपाचे औषध देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात.

चुलीचा धूर, रस्त्याची धूळ, दगडखाणीतले काम, बिडी, पूर्वी होऊन गेलेला टीबी यांनी आपल्या वस्त्यांतली फुप्फुसे खराब होतात. दमा आहे की दुसरे काही, हे नुसत्या स्टेथोस्कोपने पक्के कळत नाही. म्हणून ही तपासणी टाळू नका. भीतीने अर्धवट फुंकले तर आकडा चुकीचा येतो आणि औषधही चुकीचे मिळू शकते.

फुंकताना भोवळ का येते?

जोराने श्वास सोडताना छातीतला दाब वाढतो. त्यामुळे अंगातून हृदयाकडे परत येणारे रक्त काही क्षण कमी होते, रक्तदाब उतरतो आणि मेंदूला रक्त कमी पडते. निरोगी माणसालाही हलके वाटते. ज्यांना गर्दीत, उन्हात, रक्त पाहून किंवा फार वेळ उभे राहून भोवळ येते, त्यांची शुद्ध जाऊ शकते. काहींना पॉट्स नावाचा विकार असतो. त्यात मोठ्या माणसाने उभे राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत नाडीचे ठोके मिनिटाला 30 किंवा अधिक वाढतात, धडधडते, गरगरते.

हे अंगात येणे नाही, बाहेरची बाधा नाही आणि नाटकही नाही. रक्तदाब आणि नाडी मोजून दिसणारी गोष्ट आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात त्यासाठी उतारा नको, केसपेपर हवा.

डॉक्टरांना आधी काय सांगायचे?

पुढील गोष्टी कागदावर लिहून न्या. लिहिता येत नसेल तर मुलांकडून लिहून घ्या.

1. भोवळ कधीपासून, महिन्यातून किती वेळा, कशाने येते.
2. खोकताना, शिंकताना किंवा जोर लावताना कधी शुद्ध गेली आहे का. असेल तर तपासणी करायची की नाही आणि कशी करायची, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते.
3. सध्याची सगळी औषधे. प्रोप्रानोलॉलसारख्या काही गोळ्या धडधडीसाठी देतात, पण दमा असलेल्यांचा दम त्यांनी वाढू शकतो. गोळी स्वतःहून बंद करू नका, मात्र नाव नक्की सांगा.
4. पंप कधी थांबवायचा. लगेच आराम देणारा सॅल्ब्युटामॉलचा पंप बहुधा 4 ते 6 तास आधी थांबवतात, लांब टिकणारा त्याहून जास्त वेळ. तुमच्यासाठी किती, ते लिहून घ्या. मध्येच दम लागला तर पंप घ्या आणि तिथे सांगा.

चालताना, काम करताना शुद्ध जाते, त्याआधी छातीत दुखते किंवा धडधडते, घरात कोणी तरुणपणी अचानक वारले आहे, असे असेल तर आधी ईसीजी काढून घ्या. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल, छाती-पोट-डोळ्याचे ऑपरेशन झाले असेल, थुंकीतून रक्त पडत असेल तर तेही सांगा. तपासणी पुढे ढकलावी लागू शकते. हिमोग्लोबिनही पाहून घ्या. आपल्या बऱ्याच बायकांच्या चक्करेला ते कमी असणेही कारण असते.

आदला दिवस आणि ती सकाळ

ही तपासणी उपाशीपोटी नसते. साधारण दोन तास आधी हलके खा : एक भाकरी-भाजी, पोहे, जे घरात असेल ते. तट्ट पोट भरू नका, कारण मग श्वास पूर्ण भरत नाही. निघण्याआधी दोन ग्लास पाणी प्या आणि बाटली सोबत ठेवा. नुसत्या चहावर निघू नका. मीठ जास्त खायला डॉक्टरांनी सांगितले असेल तरच खा. रक्तदाब जास्त असणाऱ्यांनी ऐकीव सल्ल्यावर मीठ वाढवू नये.

वर्षावासात किंवा पौर्णिमेला अष्टशील पाळणाऱ्या उपासिका दुपारनंतर जेवत नाहीत. तपासणीची तारीख दुसऱ्या दिवशीची असेल तर त्या वेळी उपोसथ धरू नका. पुढची पौर्णिमा येतेच, तपासणीची तारीख मात्र महिना-दोन महिने लांबते.

बिडी-सिगारेट किमान तासभर आधी बंद. मिश्री, तंबाखू तोंडात नको. चूळ भरून जा. परकराची नाडी आणि ब्लाउज सैल ठेवा. पाळीच्या दिवसांत भोवळ जास्त येत असेल तर शक्यतो ते दिवस सोडून तारीख मागा. सोबत घरचे एक माणूस न्या. रांगेत ते उभे राहील, तुम्ही बसा.

तपासणीच्या खोलीत

आत गेल्यावर पहिले वाक्य हेच असू द्या : "मला भोवळ येते, मी बसून फुंकणार." बसून तपासणी करता येते. हातांची, पण चाके नसलेली खुर्ची मागा. दोन्ही पाय जमिनीला टेकवा. अंधारी आली की डावा हात वर करेन, असे टेक्निशियनना सांगून ठेवा. तसे झाले तर नळी काढा आणि थांबा.

फुंकताना जोर पूर्ण लावा. दोन फुंकांच्या मध्ये विश्रांती मागा. त्या वेळी भराभर श्वास घेऊ नका, त्यानेही गरगरते. आनापान करताना आपण श्वास जसा आहे तसा नुसता पाहतो, तसा येऊ-जाऊ द्या. पायावर पाय घेऊन मांड्या आवळा, मुठी घट्ट करा. त्याने रक्तदाब सावरतो. पंपाच्या औषधाने थोडी धडधड, हाताला कंप येतो. पॉट्स असणाऱ्यांना तो जास्त जाणवतो, म्हणून आधी सांगा. संपल्यावर लगेच उठू नका. पाच-दहा मिनिटे बसा, पाणी प्या, मग उठा.

भोवळ आलीच तर

माणसाला आडवे करा, पाय उंच धरा, कपडे सैल करा, गर्दी हटवा. उठवून बसवू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. साधी भोवळ एक-दोन मिनिटांत उतरते. घरी असताना तशी उतरली नाही, झटके आले, छातीत दुखले किंवा डोक्याला मार लागला तर 108 ला फोन करा.

त्या ताई दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा मी सोबत होते. भाकरी खाऊन गेल्या, बसून फुंकल्या. दोनदा हात वर केला, दोनदा थांबलो. तपासणीला वेळ जास्त लागला, पण पूर्ण झाली. पंपानंतर आकडा चांगलाच सुधारला. दमा निघाला आणि त्याचे औषध सुरू झाले. आता त्या रात्री आडव्या होऊन झोपतात. आधी बसून रात्र काढायच्या.

आजारी पडलेल्या आणि कोणी विचारत नसलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हाताने स्वच्छ केले होते. आपल्या गल्लीत कोणाला ही तपासणी लिहून दिली असेल तर एक सकाळ त्यांच्यासोबत जा. रांगेत उभे राहायला डिग्री लागत नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!