ठोके वाढविण्यापूर्वी : प्रोसेसरच्या अतिवेगाचा प्राथमिक अभ्यास

कला शाखेच्या वार्षिक अंकात संगणकाच्या प्रोसेसरवरील लेख पाहून काही वाचकांना आश्चर्य वाटेल. परंतु प्रकल्पाचे टंकलेखन, ध्वनिमुद्रणाची साफसफाई, चित्रफितींचे संपादन ही सारी कामे आता आपणही संगणकावरच करतो. आमच्या गटाने सातारा व सांगली जिल्ह्यांतील काही गावांतून जात्यावरच्या ओव्या मुद्रित केल्या, तेव्हा माझ्या जुन्या संगणकावर तासाभराची चित्रफीत तयार व्हावयास जवळजवळ तासच लागे. ‘ओव्हरक्लॉक कर, फुकटात वेग मिळेल,’ असा सल्ला मित्रांनी दिला. फुकट काहीच मिळत नाही, हे अर्थशास्त्राच्या तासाला ऐकले होतेच. म्हणून आधी विषय समजून घेतला. त्याचे सार येथे देत आहे.

ठोका म्हणजे काय?

प्रत्येक मदरबोर्डवर क्वार्ट्झच्या स्फटिकाच्या आधारे चालणारे एक घड्याळ असते. आजच्या बहुतेक संगणकांत त्यापासून सेकंदाला १० कोटी, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ, असा मूळ ठोका मिळतो. प्रोसेसर त्याला एका गुणकाने गुणतो. गुणक ३४ असेल तर वेग ३.४ गिगाहर्ट्झ होतो. हा गुणक निर्मात्याने ठरविलेल्या मर्यादेपलीकडे नेणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. आपण त्याला अतिवेग म्हणू.

दोन ठोक्यांच्या मधल्या अवकाशात प्रोसेसरमधील कोट्यवधी सूक्ष्म स्विचांनी आपले काम पुरे करावयाचे असते. ठोके जवळ आले की हा अवकाश कमी पडतो, आणि एखादा स्विच मागे राहिला तर उत्तर चुकते. व्होल्टेज वाढविले की स्विच चपळ होतात, पण उष्णताही वाढते. साऱ्या विषयाचे मर्म या ओढाताणीत आहे.

ही हौस आजची नव्हे. १९८४ साली आयबीएमचा ‘पीसी एटी’ ६ मेगाहर्ट्झवर चालत असे. अनेकांनी त्यातील स्फटिक बदलून तो ८ वर नेला. १९९८ मधील इंटेलचा ‘सेलेरॉन ३०० ए’ तर या बाबतीत प्रसिद्धच आहे. त्याचा गुणक ४.५ असा पक्का होता, पण मूळ ठोका ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा प्रोसेसर ४५० वर धावे. आज तेवढे घबाड मिळत नाही. नवे प्रोसेसर उष्णता व वीज पाहून स्वतःच वेग वाढवितात, त्यामुळे हाताने वाढविण्यास थोडीच जागा उरते.

किर्लोस्करवाडीचा धडा

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानाच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी वसविली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, वाडी सांगली जिल्ह्यात. तेथे बनणारे पंप आपल्याकडील कोणत्याही बागायतदाराच्या परिचयाचे. अशा केंद्रोत्सारी पंपाचा एक नियम आहे. फेरे १० टक्के वाढविले तर पाणी १० टक्केच वाढते, दाब २१ टक्के वाढतो, पण लागणारी शक्ती मात्र ३३ टक्के वाढते. शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ‘पुली बदलली की पाणी जादा’ हा हिशेब पुढे मोटारीवर येतो.

प्रोसेसरचे गणित आश्चर्यकारकरीत्या असेच आहे. त्याला लागणारी वीज ही वेग गुणिले व्होल्टेजचा वर्ग या प्रमाणात बदलते. वेग १० टक्के व व्होल्टेज ५ टक्के वाढविले तर १.१ गुणिले १.०५ चा वर्ग, म्हणजे सुमारे २१ टक्के जादा वीज. दोन्ही १० टक्क्यांनी वाढविली तर पंपाप्रमाणेच ३३ टक्के. ती सारी वीज शेवटी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. फरक एवढाच, की जळालेली मोटार रिवाइंडिंगवाला पुन्हा भरून देतो. जळालेला प्रोसेसर भरून देणारा कारागीर नाही.

कोणत्या संगणकावर करता येते?

इंटेलच्या प्रोसेसरपैकी नावाच्या शेवटी ‘के’ अक्षर असलेले आणि ‘झेड’ मालिकेचा मदरबोर्ड, अशी जोडी लागते. २०१७ पासून आलेल्या एएमडी रायझेनपैकी बहुतेकांचा गुणक खुला आहे, पण मदरबोर्ड ‘बी’ किंवा ‘एक्स’ मालिकेचा हवा. ‘ए’ मालिकेच्या स्वस्त बोर्डावर ही सोय नसते. तसेच अतिवेगामुळे झालेल्या नुकसानीला निर्मात्याची हमी सहसा लागू होत नाही, हे आधीच ध्यानात घ्यावे.

क्रम

माझ्याकडे रायझेन ५ २६०० आहे. त्याचा मूळ वेग ३.४ व कमाल ३.९ गिगाहर्ट्झ असून तापमानाची मर्यादा ९५ अंश सेल्सिअस आहे. मी पुढील क्रम पाळला.

१. सर्व महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून दूर ठेवली.

२. कॅबिनेट उघडून धूळ काढली, पंखा स्वच्छ केला आणि प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली.

३. काहीही न बदलता सिनेबेंचची चाचणी घेतली व एचडब्ल्यूइन्फोमध्ये दिसलेले वेग, व्होल्टेज व तापमान वहीत टिपले. तुलनेस आधार हवाच.

४. बायोसमध्ये जाऊन फक्त गुणक एक पायरी वाढविला. मूळ ठोक्याला हात लावला नाही, कारण बोर्डावरील इतर भागही त्याच्याशी बांधलेले असू शकतात. रॅमचा वेगही त्याच वेळी बदलला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे बिघाडाचे कारण सापडते.

५. प्रत्येक पायरीनंतर १५ मिनिटे भाराची चाचणी घेतली. चाचणीत चूक निघाली, पडदा निळा झाला किंवा यंत्र थिजले की एक पायरी मागे यावे.

६. शेवटच्या टप्प्यावर प्राइम९५ काही तास चालविले. तापमान मर्यादेच्या बरेच खाली, साधारण ८० अंशांच्या आत राहावे, असे मी ठरविले होते.

संगणक सुरूच होईना तर घाबरू नये. वीज बंद करून मदरबोर्डवरील सीमॉस पुसण्याचा जंपर वापरला, किंवा नाण्याच्या आकाराची बॅटरी थोडा वेळ काढून ठेवली, की बायोस मूळ स्थितीत येते.

नवशिक्याने व्होल्टेज वाढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जास्त व्होल्टेज व उष्णता यांमुळे चिपमधील अतिसूक्ष्म तारांतील धातूचे कण वर्षानुवर्षे सरकत जातात आणि प्रोसेसर हळूहळू दुबळा होतो. २०२४ साली इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. वाढीव व्होल्टेज हे त्याचे कारण असल्याचे कंपनीने मान्य केले, सुधारणा दिली व हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. जेथे निर्मात्याचाही अंदाज चुकतो, तेथे आपण जपून असावे.

आपले हवामान, आपली वीज

पंखा प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली १५ अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळजवळ तेवढाच तापतो. साताऱ्यात डिसेंबरच्या रात्री यशस्वी झालेली चाचणी सांगलीत एप्रिलच्या दुपारी, पारा चाळिशीजवळ असताना, उपयोगाची नाही. म्हणून अंतिम चाचणी उन्हाळ्यातच घ्यावी. वीज कमी-जास्त होत असेल तर यूपीएस हवा. पॉवर सप्लाय विश्वासाचा नसेल तर हा नादच सोडावा.

न दिसणारी चूक

बंद पडणारा संगणक परवडतो, कारण तो निदान सांगतो तरी. बंद न पडता चुकणारा संगणक अधिक घातक. काठावर चालणारा प्रोसेसर एखादा आकडा चुकवितो, ती चूक फायलीत उतरते आणि पुष्कळ दिवसांनी ध्यानात येते. आम्ही ज्या आजींच्या ओव्या मुद्रित केल्या, त्यांतील काही ओव्या आता अन्य कोणाला येत नाहीत. त्या पुन्हा मुद्रित करता येतीलच असे नाही. तीन मिनिटांच्या बचतीसाठी त्यांतील एक ओळ जरी गेली तरी तो व्यवहार तोट्याचाच. म्हणून मूळ मुद्रणांची प्रत अतिवेगापूर्वीच घ्यावी, तिचा चेकसम नोंदवून ठेवावा आणि तयार झालेली चित्रफीत शेवटपर्यंत पाहावी.

निष्कर्ष

सर्व सहा गाभे कामात असता माझा प्रोसेसर मुळात सुमारे ३.७ वर चाले. व्होल्टेज न वाढविता तो ३.९ वर स्थिर राहिला. लाभ सुमारे ५ टक्के, म्हणजे तासाच्या कामात तीन मिनिटे. धूळ काढून व पेस्ट बदलून तापमान जे उतरले, ते समाधान त्याहून मोठे होते. फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविल्यावर संगणक सुरू होणे व फायली उघडणे यांत जो फरक पडतो, तो तर कोणत्याही गुणकाने पडत नाही. केवळ टंकलेखन व वाचन करणाऱ्यास अतिवेगाचा उपयोग जवळजवळ शून्य आहे.

मग हा खटाटोप व्यर्थ का? मला तसे वाटत नाही. यंत्र आपल्यापुढे बंद पेटीसारखे असते. मोजून, टिपून, एकेक पायरी चढून त्याची मर्यादा पाहिली की ते आपले होते. सध्या मी गुणक पुन्हा मूळ जागी आणला आहे. ओव्यांचे काम पुरे होईपर्यंत तो तेथेच राहील. ज्यांना प्रयोग करावयाचा आहे त्यांनी तो जरूर करावा, मात्र ज्या संगणकात एखाद्या गोष्टीची एकुलती एक प्रत आहे, त्यावर करू नये.