वस्तू व सेवा कर : मुदतवाढीची व्याप्ती आणि मर्यादा

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर व सांगली भागातील अनेक बाजारपेठा पाण्याखाली गेल्या. अशा स्थितीत जुलै महिन्याचे विवरणपत्र वेळेत दाखल करणे व्यापाऱ्यांना शक्य नव्हते. ही अडचण ध्यानी घेऊन पूरग्रस्त जिल्ह्यांसाठी मुदत २० सप्टेंबर २०१९ पर्यंत वाढविण्यात आली. कायद्यातील प्रत्येक मुदत मात्र अशी वाढत नाही. कोणती मुदत कोण वाढवू शकतो, हे व्यापाऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

विवरणपत्रांची मुदत

मासिक वा त्रैमासिक विवरणपत्राची मुदत कलम ३९ नुसार आयुक्त अधिसूचनेद्वारे वाढवू शकतात. अधिसूचना नसल्यास उशिराबद्दल विलंब शुल्क व थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज द्यावे लागते.

आपत्तीतील मुदतवाढ

कोरोना साथीच्या काळात, ३१ मार्च २०२० च्या वटहुकुमाने, कायद्यात कलम १६८क समाविष्ट झाले. युद्ध, साथ, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप वा अन्य आपत्तीमुळे जे काम मुदतीत होऊ शकत नाही, त्याची मुदत शासन वस्तू व सेवा कर परिषदेच्या शिफारशीवरून वाढवू शकते.

ही तरतूद उभयपक्षी लागू पडते. सन २०१७-१८ च्या करनिर्धारणाचेच उदाहरण घ्यावे. फसवणुकीचा आरोप नसलेल्या प्रकरणांत वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून तीन वर्षांत आदेश देणे अधिकाऱ्यांवर बंधनकारक होते. व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी ती तारीख डिसेंबर २०१८ वरून फेब्रुवारी २०२० पर्यंत गेली. साहजिकच आदेशाची मुदतही फेब्रुवारी २०२३ पर्यंत लांबली. पुढे कलम १६८क खाली ती आधी ३० सप्टेंबर आणि नंतर ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत वाढली. अशा काही अधिसूचनांच्या वैधतेवर निरनिराळ्या उच्च न्यायालयांनी भिन्न निर्णय दिले आहेत.

अपिलाची मुदत

सर्वाधिक दक्षता हवी ती येथेच. आदेश कळविल्यापासून तीन महिन्यांत अपील दाखल करावे लागते. पुरेसे कारण दाखविल्यास अपील अधिकारी आणखी एक महिन्याचा विलंब क्षमापित करू शकतात. त्यापलीकडे कलम १०७ ने त्यांना अधिकार दिलेला नाही. मुदत चुकलेल्यांसाठी २ नोव्हेंबर २०२३ च्या अधिसूचनेने एक संधी दिली होती. ३१ मार्च २०२३ पर्यंतच्या ठराविक आदेशांविरुद्ध, विवादित कराच्या साडेबारा टक्के रक्कम भरून, ३१ जानेवारी २०२४ पर्यंत अपील करता येत होते. अशी संधी पुन्हा मिळेलच, असे गृहीत धरता येत नाही.

आदेश संगणकीय पोर्टलवर उपलब्ध करून देणे, हीदेखील तो बजावण्याची कायदेशीर रीत आहे. टपालाची वाट पाहत बसणाऱ्या छोट्या दुकानदाराचा अपिलाचा हक्क त्याच्या नकळत निघून जाऊ शकतो. यास्तव पोर्टल नियमितपणे पाहावे, आदेशाची तारीख वहीत टिपून ठेवावी आणि मुदतवाढीच्या आशेवर विसंबू नये.